ज्योत आणायच्या दिवशी

पहाटे पावणेसहा

हे दारं धरून आले. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे, त्यामुळे कांद्याचं भरणंही रात्रीच. ओट्यावर पाय धुता धुता म्हणाले, "ओढ्याच्या बांधाला ठसे आहेत. बारकेही दिसतात. आज पोरांना उसाच्या अंगानं आणू नकोस."

मी वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवलं आणि शाळेचा पालकग्रुप उघडला. तिथं बिबट्या आधीच येऊन बसला होता. मारुतीच्या देवळासमोर, पायरीवर, थेट कॅमेऱ्यात बघत. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग आणि "शाळा बंद ठेवा" अशी मागणी. आमच्या देवळाला पायऱ्या तीन, फोटोत सहा. संगणकाकडून काढून घेतलेलं चित्र. ओढ्याकाठच्या खऱ्या ठशांची गावात कुणाला खबर नव्हती आणि खोट्या बिबट्यावर शाळा बंद पडायची वेळ आली होती. ग्रुपवर लिहिलं: "फोटो खोटा आहे. ठसे खरे आहेत. ओढ्याची वाट टाळा, पोरांना जोडीनं पाठवा."

मी नारायणगावच्या पूर्वेला, मीना नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. शिवाय गाइडची कॅप्टन आहे, सखी सावित्री समितीवर आहे आणि तक्रारपेटीची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. आज १८ फेब्रुवारी. रात्री गावची पोरं शिवनेरीवर ज्योत आणायला जाणार. उद्या १९ फेब्रुवारी, महाराजांची जयंती. आज रात्री गडाच्या पायथ्याशी महाराष्ट्रातल्या कुठकुठल्या गावांचे टेम्पो उभे असतील. आमच्यासोबत यंदा आठवी-नववीची मुलंमुलीही आहेत. दहावीचे पेपर तोंडावर, म्हणून दहावीला घरीच बसवलंय. त्यावरून दोन दिवस भांडण झालं.

बिबट्याचं एक बरं आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत तिसरीतल्या पोरालाही त्याचे नियम पाठ असतात. एकट्यानं जायचं नाही, उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही, मोबाइलवर गाणं लावून चालायचं, दिवेलागणीच्या आत घर गाठायचं. हे नियम कुणी भीती घालून शिकवले नाहीत, रोज बोलून बोलून ते अंगवळणी पडले. माणसाबद्दल मात्र आपण पोरांना एकच वाक्य देतो: अनोळखी माणसाशी बोलू नको. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आलेत की बाललैंगिक अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. म्हणजे जिकडून धोका क्वचित येतो, तेवढीच वाट आपण पोरांना दाखवून ठेवलेली असते.

सकाळी पावणेनऊ

एसटी स्टँड. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास गळ्यात अडकवून मुली उतरतात. समोरच्या टपरीजवळ दुचाक्या लावून बसणारी चार-पाच टाळकी आज नव्हती. काल पोलिसांच्या दामिनी पथकाची गाडी येऊन गेली होती, तिचा परिणाम साधारण तीन दिवस टिकतो. मी मुलींबरोबर चालत शाळेत येते. ड्यूटी म्हणून कुणी लावलेलं नाही, पण या पंधरा मिनिटांत जेवढं कानावर पडतं तेवढं वर्गात महिनाभरात पडत नाही.

साडेदहा

परिपाठ झाला आणि पेटी उघडली. आम्ही दोन शिक्षक आणि एक पालक असं तिघं मिळून उघडतो, एकट्यानं कधीच नाही. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सगळं ताकीद देऊन सांगितलं. कॅमेरे बसले. पेटी आमच्याकडे आधीपासून होती, पण ऑफिसच्या दारात, शिपायाच्या स्टुलासमोर. ती आम्ही पाण्याच्या टाकीमागं हलवली, तेव्हा कुठं चिठ्ठ्या यायला लागल्या.

आजच्या चिठ्ठ्या: सातवीतला पंखा आवाज करतो. खिचडीत वाटाणा कच्चा. मुलींच्या स्वच्छतागृहाची मधली कडी लागत नाही. ही तिसरी चिठ्ठी कुणाला किरकोळ वाटेल. मी मधल्या सुट्टीआधी सुताराला बोलावून कडी बसवून घेतली. कडीसाठी लिहिलेली चिठ्ठी कुणी मनावर घेतं का, हे मुली बघत असतात. मग त्याहून मोठं लिहायचं की नाही, ते ठरवतात.

पावणेबारा

नववी ब. भूगोल बाजूला ठेवला आणि सकाळचा बिबट्या दाखवला. मागच्या बाकावरून हसू आलं. "मॅडम, दोन मिनिटांत होतं," एकानं सांगून टाकलं. त्याला रागावले नाही. कसं केलं ते सांगायला लावलं, आणि त्यानं मन लावून सांगितलंही. मग विचारलं, "बिबट्याच्या जागी एखाद्या मुलीचा चेहरा घातला तर?"

"तेही होतं," दुसरा म्हणाला. खाली बघत.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत हुबेहूब मुलासारखं दिसणारं, संगणकानं बनवलेलं अश्लील चित्रही बाल-अश्लीलतेत धरलंय. "फोटो खरा नव्हताच" हा बचाव तिथं चालत नाही. आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असलं साहित्य नुसतं जवळ बाळगणं, ते काढून न टाकणं, त्याची तक्रार न करणं, यातूनही गुन्हा ठरू शकतो. पोरांना कलमं लक्षात राहत नाहीत. "ग्रुपवर आलं, मी फक्त बघितलं" असं म्हणून सुटता येत नाही, हे लक्षात राहतं.

ही पोरं इंस्टाग्रामवर २००० साली जन्मलेली आहेत. अठराच्या आतल्यांसाठी 'टीन अकाउंट' भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसाचा मेसेज आत येत नाही, रात्री सूचना बंद. व्यवस्था चांगली आहे. पण ती खरी जन्मतारीख टाकणाऱ्यासाठी आहे, आणि आमच्याकडे फोन मामाचा जुना, सिम आईच्या नावाचं, जन्मसाल चुलतभावानं सुचवलेलं. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियानं सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची खातीच बंद केली. शिक्षकखोलीत त्याचं कौतुक झालं. मला तेवढी खात्री वाटत नाही. ज्या घरात वीजबिल, पीकविमा आणि बाजारभाव बघायचं काम नववीतलं पोरगं करतं, तिथं फोन त्याच्याच हातात असतो.

मुलांना, म्हणजे मुलग्यांना, एक गोष्ट मी वेगळी सांगते. अनोळखी मुलीच्या नावाचं खातं, दोन दिवस गोड गप्पा, मग व्हिडिओ कॉल, आणि कॉलमध्ये पोराचं रेकॉर्डिंग. अर्ध्या तासात पैशाची मागणी. नाही दिले तर दुसऱ्या नंबरवरून 'सीबीआय'चा साहेब. असले बळी जास्त करून मुलगेच असतात, आणि त्यांच्याशी यावर कुणी बोलत नाही, कारण काळजी फक्त मुलींची करायची असा आपला समज. फळ्यावर लिहिलं: पैसे द्यायचे नाहीत, काही डिलीट करायचं नाही, १९३० ला फोन. फोटो अठराच्या आतला असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. अमेरिकेतली बेपत्ता मुलांसाठी काम करणारी संस्था ती चालवते. फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त एक आकडी ठसा पुढं जातो आणि सामील झालेल्या कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढतात. व्हॉट्सॲपच्या बंद गप्पांत मात्र तिचा उपयोग नाही. तेही सांगावं लागतं, नाहीतर पोरं आशेवर बसतात.

शेवटी नाव न लिहिता प्रश्न गोळा केले. एका चिठ्ठीवर: "फोटो आपणच पाठवला असेल तर आपल्यालाच पकडतात का?"

मी वर्गाला उत्तर दिलं, "अठराच्या आतल्या मुलाकडून कुणी तसला फोटो मागितला, तर अपराधी मागणारा असतो. पाठवणाऱ्यानं फक्त लवकर सांगायचं. दुसऱ्याचा फोटो पुढं ढकलणाऱ्याची गोष्ट वेगळी." चिठ्ठी कुणाची ते अक्षरावरून कळलं होतं. त्या बाकाकडे बघितलं नाही.

दुपारी दीड

मधल्या सुट्टीत ती आली. एकटी नाही, मैत्रिणीला घेऊन. आधी मैत्रीणच बोलली.

इथून पुढं तपशील बदलले आहेत. इयत्ता, नातं, वाद्य, सगळं. मुलीची ओळख पटेल असं काही छापायला कायद्यानं मनाई आहे आणि आमच्यासारख्या गावात ओळख पटायला एक धागा पुरतो. प्रसंगाची चाल तेवढी ठेवली आहे.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी पोरापोरींना ढोल शिकवायला एक दादा येतात. पंचविशीच्या आतले, हसतमुख, गावात मान असलेले. सरावानंतर सगळ्यांना वडापाव. आधी ग्रुपवर "आज छान वाजवलंस." मग तिला एकटीला, रात्री दहानंतर. मग "तुझ्यासारखी समजूतदार कुणी नाही." मग "हे आपल्यातच ठेव." तिनं साडीतला एक फोटो पाठवला होता, शाळेच्या कार्यक्रमातला. आता दुसऱ्या प्रकारचे मागत होते. आणि काल: "ज्योतीच्या रात्री टेम्पोत बसू नको, माझ्या गाडीवर ये. परत येताना थांबू."

तिनं सगळं सांगून संपवलं, तोवर मी काही विचारलं नाही. नंतर एवढंच म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." फोटो का पाठवलास, रात्री दहाला फोन हातात कसा, आईला का नाही सांगितलं, हे प्रश्न माझ्याही जिभेवर होते. ते गिळले. त्यातला एक जरी बाहेर पडला असता, तरी ती उठून गेली असती आणि वर्गात पुन्हा कुणी माझ्याकडे आलं नसतं.

तिची भीती दादाची नव्हती. "मॅडम, पप्पा फोन घेतील." मग जरा थांबून, "आणि शाळा बंद करतील." हे खोटं नाही. आमच्याकडे अशा गोष्टीत पहिल्यांदा मुलीचा फोन जातो, मग शाळा जाते, आणि एखादीचं लग्नही ठरतं. शिक्षा मुलीलाच होणार असेल, तर ती का सांगेल? गप्प बसण्याचा सौदा तिला स्वस्त पडतो, आणि समोरच्याला हा हिशेब पुरता माहीत असतो.

तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून एका कागदावर लिहून घेतलं. फोन तिच्याकडेच ठेवायला सांगितला. काही पुसायचं नाही, ब्लॉकही करायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. स्क्रीनशॉट माझ्या फोनवर घेतले नाहीत. पुरावा तिच्या फोनमध्येच सुरक्षित, माझ्या गॅलरीत त्याचं काही काम नाही.

दोन वाजता

मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. "मॅडम, उद्या जयंती. पाहुणे येणार. दोन दिवस जाऊ द्या, मी स्वतः त्या पोराला बोलावून समज देतो."

"सर, समज दिली की तो मोबाइल धुऊन काढेल. आणि आज रात्रीच तर त्यानं बोलावलंय."

पॉक्सो कायद्याचं कलम १९ झालेल्या गुन्ह्यापुरतं नाही. गुन्हा होण्याची शक्यता दिसली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ज्याला कळलं त्या प्रत्येकावर. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. हे सरांना माहीत होतं, प्रशिक्षणात आम्ही शेजारीच बसलो होतो. "पण तो आपला कर्मचारी कुठाय?" ते म्हणाले. हा मुद्दा मात्र खरा होता. शाळेच्या कर्मचाऱ्यांची पडताळणी होते. मंडळाचा दादा, पथकाचा ताशेवाला, ट्रेकला नेणारा भैया, क्रिकेटचा कोच कुठल्याच रजिस्टरवर नसतात. आपण त्यांच्या हाती मैदान आणि पोरं देतो, तेही आभार मानून.

सरांनी पाणी प्यायलं. मग ठाण्याचा नंबर त्यांनी स्वतः लावला, माझ्याकडून फोन न घेता. हे लिहून ठेवायला हवं.

मी १०९८ ला फोन केला. मुलांची ही हेल्पलाइन मुंबईत १९९६ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती सरकार चालवतं आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी जोडलेली आहे. पलीकडच्या बाईंनी दोन प्रश्न विचारले: मुलगी आत्ता सुरक्षित आहे का, आणि घरात विश्वासाचं कोण आहे. दुसऱ्या प्रश्नाला मुलीनं उत्तर दिलं, "मावशी."

पावणेतीन

आईला बोलावलं. द्राक्षाच्या तोडणीवरून तशीच आली, ओढणीनं घाम पुसत. ऐकता ऐकता खाली बसली. "बाई, हिच्या बापाला सांगू नका. हिला मारील, न्हाईतर त्याला मारील."

"ताई, पोलीस बोलतील त्यांच्याशी, मीही असेन. पण मला एक कबूल करा. शाळा बंद करायची नाही."

तिनं मान हलवली नाही. बराच वेळ मुलीचा हात हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "मीच तर म्हनलं होतं, दादा चांगला हाय, त्याच्या बरुबर जा." यावर काय बोलणार? चांगला वाटल्याशिवाय कुणी कुणाच्या लेकराजवळ पोहोचत नाही.

सव्वाचार

देवळाच्या सभामंडपात ज्योतीची बैठक. मंडळाची पोरं, पोलीस पाटील, काही पालक. दादांची वाट बघणं चाललं होतं. "ते आज नाहीत," एवढंच सांगितलं. कारण कुणाला दिलं नाही. पोरांनी तर्क लढवले, लढवू दिले.

मग नियम. हे दुपारच्या प्रकारामुळं सुचले नाहीत. गेल्या महिन्यात लिहून ठेवले होते आणि मंडळाच्या ग्रुपवर त्यांची थट्टा झाली होती.

अठराच्या आतलं कुणीही गाडी चालवणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोरगं गाडी चालवताना सापडलं तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. एवढं ऐकून दोन बाप सरसावून बसले. टेम्पोत उभं राहायचं नाही. धावणारे दर किलोमीटरला बदलायचे. पुढं एक गाडी, मागं एक गाडी, दोन्हींना चमकणाऱ्या पट्ट्या. मशालीत रॉकेल ओतायचं काम मोठ्या माणसाचं, तेही मशाल विझलेली असताना. नारायणगाव-जुन्नर रस्त्यावर या दिवसांत रात्रभर उसाचे ट्रॅक्टर चालतात, दोन-दोन ट्रॉल्या लावून, मागं दिवा नसलेले. मला बिबट्यापेक्षा त्यांची भीती जास्त.

गडावर साखळदंडाच्या वाटेनं कुणी जायचं नाही, सात दरवाजांच्या वाटेनंच. कडेलोटावर रील नाही. मशाल घेऊन कड्याकडेला थांबायचं नाही, कारण गडावर आग्या मोहळं आहेत आणि धुरानं ती उठतात. माश्या उठल्या की त्या अंधारात, त्या गर्दीत कुणी कुणाला वाचवू शकत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं गेली, तेव्हापासून मी कुठल्याही सहलीआधी एकच विचारते: ऐनवेळी 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे? आमच्या ज्योतीत तो अधिकार पोलीस पाटलांकडे आणि माझ्याकडे, दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला तरी नाही.

आणि मग ज्या नियमांची थट्टा झाली होती ते. एका मोठ्या माणसाबरोबर एकटं मूल नाही, ना गाडीवर, ना गडावर, ना पथकाच्या खोलीत. कायम दोन मोठे, त्यात एक बाई. मुलांना निरोप फक्त ग्रुपवर, आणि ग्रुपमध्ये पालक असणार. कुणाही मोठ्यानं मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही. मीही नाही.

"मॅडम, म्हणजे आमच्यावर संशय?" मंडळाचा एक कार्यकर्ता. पोरगा सरळ आहे, म्हणून त्याला लागलं.

"तुझ्यावर नाही. हा नियम असला की उद्या तुझ्यावर कुणी खोटा आळ घेतला, तर तुझ्या बाजूनं बोलायला दुसरं माणूस असेल."

त्यानं विचार केला. "मग चालंल," म्हणाला.

संध्याकाळी सहा

मावशीच्या घरी महिला उपनिरीक्षक आल्या, सलवार-कुर्त्यात, खाजगी गाडीनं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो सांगेल त्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, हे पॉक्सोच्या कलम २४ मध्ये आहे. ते दर वेळी पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. आज पाळलं गेलं. शेजारणीला वाटलं, पाहुणी आली. चहा झाला. मी बाहेर थांबले. मुलीला आत हवी होती ती मावशी, मी नव्हे. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, ते पोलिसांचं काम. वडिलांशी त्या पाऊण तास बोलल्या, गोठ्यात उभं राहून. काय बोलल्या ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर वडिलांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि म्हशीला चारा टाकला. दादा तोवर ठाण्यात होते.

सात वाजता

भाकरी टाकताना घोडेगावच्या मैत्रिणीचा फोन. ती आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात आश्रमशाळेवर अधीक्षिका आहे. तिची अडचण उलटी. तिकडं आहुपे-पिंपरगण्याच्या बाजूला रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते, दिवस मावळला की पोरं तिथं गोळा होतात, आणि कुणाबरोबर कोण बसलंय ते अंधारात दिसत नाही. वसतिगृहात घरी बोलायला एकच फोन, मागं पोरींची रांग. "त्या रांगेत उभं राहून एखादी आईला काय सांगणार गं? 'जेवले, बरी आहे' एवढंच." तिनं आता फोन खिडकीपाशी ठेवलाय आणि रांग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलीय. त्यासाठी ना अनुदान लागलं ना जीआर.

फोन आणि बोलणं यावरून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावची गोष्ट आठवते, ती मला आवडते. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. त्याच वर्षी पुसद तालुक्यातल्या बांसी ग्रामसभेनं अठराच्या आतल्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्हींचं कौतुक झालं. मला वडगाव जवळचं वाटतं, कारण तिथं बापालाही फोन ठेवावा लागतो. पण भोंगा काही रात्री दहाचा मेसेज अडवत नाही. त्या दीड तासात घरात बोलणं झालं, तरच त्याचा उपयोग.

रात्री पावणेदहा

टेम्पो देवळापाशी. यादी वाचली: नाव, रक्तगट, घरचा नंबर, कुठली ॲलर्जी. एक पोरगं कमी. सकाळचा बिबट्यावालाच. दोन मिनिटं टेम्पोच्या टपावर उभं राहून रील करत होता, खाली उतरवला. त्याला कामच हवं होतं, म्हणून आजचे सगळे फोटो काढायचं काम दिलं, अट एकच: कुणाचा चेहरा ओळखू येईल असा फोटो आज बाहेर जाणार नाही, ठिकाण तर मुळीच नाही. उद्या परत आल्यावर ज्याला त्याला विचारून टाकायचा. "मग लाइक कशाला मिळतील?" म्हणाला, पण कामाला लागला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी खोडदच्या महादुर्बिणीला जायचंय, तिथंही फोटोग्राफर तूच, असं सांगितल्यावर चेहरा उजळला.

ती मुलगी आली होती. दुपारी सगळ्यांचं मत पडलं होतं की तिनं आज घरी थांबावं. मी आणि उपनिरीक्षक बाई दोघींनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मी दोन महिने पळायचा सराव केलाय." तिचा टप्पा वारुळवाडीच्या पुढचा.

टेम्पोत पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला यंदा आया बसल्या. हे पहिल्यांदाच झालं, आणि बापांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिची आईही त्यात होती, तोडणीचे काळे डाग अजून बोटांना. टेम्पो सुरू झाला तसा तिनं पिशवीतून फोन काढून माझ्यापुढं धरला.

"बाई, त्या ग्रुपात मलाबी घ्या. पण मला वाचाया येत न्हाई. तुमी लिहू नका, बोलून टाका."

मागून दुसरी म्हणाली, "मलाबी." मग तिसरी. वारुळवाडी येईपर्यंत मी नंबर घालत बसले. पहिला आवाजी निरोप टेम्पोतूनच पाठवला: कोण कितव्या किलोमीटरला पळणार, कोण कुणाच्या जोडीला, आणि सगळ्यांना जागं ठेवणारा चहा कुठं मिळणार.